लाटण्याचा ठोका

पेंगचौ शहराच्या बाजारात खाटकापुढे रांग होती. वेनच्युनच्या पुढे दोन शेजारणींची जुंपली होती: वरच्या मजल्यावरची लुओमावशी आणि खालची तरणी फांग.

"मावशी, रोज सकाळी लाटणं कशाला बडवता हो? माझं डोकं उठतं!"

"मांसाचं ग्वोख्वे करते. कणकेच्या पट्टीला चरबी लावायची, खिमा न् तिरफळ पसरायचं, गुंडाळायचं, लाटायचं, तव्यावर कुरकुरीत करायचं. आणि लाटताना पाटावर ठोका द्यायचा."

"ठोका दुकानात देतात, गिऱ्हाईक बोलवायला. तुमच्या घरी कोण येणार?"

"कुणी नाही."

"मग?"

"तुझे काका गेले आणि दिरानं आमच्या ग्वोख्वेच्या दुकानाचं कुलूप बदललं. म्हणाला, वहिनी, बाईच्या हाताला ठोका नसतो."

"बरं मग?"

"अगं, काकांचा खांदा गेल्यापासून ठोका मीच देत होते. ते नुसते पुढे उभे राहून पैसे घ्यायचे."

"दिराला माहीत नव्हतं?"

"होतं की. म्हणून तर कुलूप बदललं."

"पण त्याचं दुकान आपल्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. सगळं ऐकू जात असेल त्याला."

"जातंच. खिडकी उघडी ठेवते मी."

फांग रांगेत पुढे सरकली. वेनच्युनही पिशवी धरून ऐकत मागोमाग गेली.

"मावशी, नेहमीएवढंच तोलू?" खाटकानं विचारलं.

"दुप्पट तोला," फांगच म्हणाली. "चरबी सोडू नका. मावशी, ठोका शिकवा मला. उद्यापासून खालून मी वाजवणार, आणि तुम्ही तक्रार करायची नाही."