अण्णांनी पुसलेले पॅटर्न

शांतावहिनी, अण्णांची पोरं, युनियनची मंडळी, आनि माझ्या कोर शॉपमधल्या बायांनो,

मला बोलायला उभं केलंय. फोटोकडं बघायचं न्हाई असं घरनं ठरवून आले, आनि माइक नेमका फोटोला खेटून लावलाय. वर चंदनाचा हार. अण्णांना चंदनाच्या वासानं शिंका यायच्या. हे हार आननाऱ्याला म्हाईत नसनार. असू दे.

मी मंगल. जे पाव्हने बाहेरनं आल्यात त्यांच्यासाठी सांगती. आपली फौंड्री हाय मिरजेच्या एमआयडीसीत. लोखंडाच्या वस्तूत जितं पोकळी ठेवायची असती, तितं वाळूचा भाजलेला तुकडा बसवत्यात. त्याला कोर म्हनत्यात. त्यो आमी बाया करतो. संपतअण्णा मोल्डर. वाळूत लाकडाचा पॅटर्न दाबून साचा करायचा, पॅटर्न अलगद उचलून काढायचा, मग साच्यात भट्टीचं लोखंड ओतायचं. वडूजकडनं आले तवा मिसरूड फुटलं नव्हतं म्हनं. सगळे केस ह्याच वाळूत पिकले. युनियनचे सेक्रेटरी ते मागनं झाले.

आता माझा सोभाव. लय संशयी. सगळ्यांना ठावं हाय, माना हलवू नका. भाजीवालीनं चार मिरच्या जास्ती टाकल्या तरी मी पिशवी उलटी करून बघती. तर आज सकाळपास्नं माझं असं झालंय, रडू येतंय, आनि रडता रडता संशय येतोय. शोकसभेत असलं बोलू न्हाई म्हनत्यात. पन सभा अण्णांची हाय. अण्णांच्या सभेत मनात एक आनि तोंडात एक, हे मला जमायचं न्हाई.

आज कंपनीनं आपल्याला सुट्टी दिली. भरपगारी. कुनी मागितली व्हती? शंकरभाऊ, तुमी अण्णांच्या जोडीचे मोल्डर, तुमी मागितली व्हती? न्हाई ना. अण्णांची आई गेली तवा ते मातीला वडूजला गेले, तर ह्याच कंपनीनं त्यांचा खाडा मांडला. आनि आता एवढा कळवळा? सभा गेटवरच घेऊ म्हनलं तर सायेब म्हनाले, एवढ्या मोठ्या मानसाची सभा गेटवर शोभत न्हाई. सांगलीत कार्यालय घेऊ. गाडी आमची, चहा-नाष्टा आमचा. हार पन त्यांचाच.

त्ये जरा बाजूला ठेवती. आधी अण्णांचं सांगती.

बाहेरदेशाच्या मालकानं आपल्या कंपनीत भागी घेतली, ते तुमाला म्हाईत हाय. त्याचाच दुसरा कारखाना कोरियात. गेल्या दसऱ्याच्या आधी तिकडनं पॅटर्न आले, आनि त्यांच्या कोर बॉक्स, म्हंजे कोर पाडायचे साचे. सायेब म्हनाले, नवीन ऑर्डर हाय, नशीब उघडलं तुमचं. आमी खूश. आनि मग युनियनच्या मुंबईच्या ऑफिसातनं अण्णांना निरोप आला. कोरियाची मानसं संपावर बसल्यात. कशासाठी? धुळीसाठी. वाळूची धूळ छातीत जाती, पंखे लावा, तोंडाला धड काहीतरी द्या, एवढंच मागनं. तर कारखान्यात पोलीस घुसवले. त्यांच्या म्होरक्याला तुरुंगात टाकलं. आनि मालकानं पॅटर्न उचलून आपल्याकडं धाडले. देशोदेशीच्या युनियननी ठरवलं व्हतं, संपावरच्यांच्या हातचं काम दुसऱ्या कुनी करायचं न्हाई. तुमी काय करनार, असं मुंबईनं विचारलं.

गेटवर मिटिंग झाली. तुमाला आठवती. सगळ्यात आधी मी उठले. माझा सासरा फौजेत, त्यो कोरियाला जाऊन आल्याला. बर्फ लय हाय, याच्या पलीकडं त्यानं कवा काय सांगितलं न्हाई. एवढीच माझी कोरियाची वळख. मी म्हनलं, अण्णा, ते कोन आनि आपन कोन? उद्या आपल्यावर आली तर ते थांबतील का आपल्यासाठी?

दुसरा कुनी असता तर म्हनला असता, थांबतील, जगातले कामगार एक हायती. पुस्तकात असतंय तसं. अण्णांनी जरा इचार केला आनि म्हनाले, "मला म्हाईत न्हाई, मंगल. कदाचित न्हाई थांबायचे."

सभाच गार पडली. शंकरभाऊ तर तरातरा निघून गेले. व्हय का न्हाई, भाऊ?

मग अण्णांनी मला शेडात नेलं, जितं ते पॅटर्न ठेवले व्हते. एका पॅटर्नची मूठ दाखवली. लाकूड दाबानं झिजून गुळगुळीत झाल्यालं. अंगठ्याची जागा वेगळी, बोटांची वेगळी. "लाव हात," म्हनाले. मी लावला. माझी बोटं बरोबर त्या खळग्यात बसली. अण्णा म्हनाले, "कुनीतरी वरसानुवरस हे असं धरलंय. त्याच्या हातातनं काढून घेतलं आनि आपल्या हातात दिलं. ऑर्डर ऑर्डर म्हनत्यात ती ही."

मला पटलं. पन पुरतं न्हाई. माझं कवाच काय पुरतं पटत न्हाई.

त्यात ते दोघं गोरे पाव्हने आले. युनियनच्या जगातल्या मोठ्या कचेरीतले, बाप्या आनि बाई. आपल्या पोरांनी हौसेनं फेटे बांधले. भट्टीपाशी गेल्यावर त्या बाप्याचा फेटा घामानं खाली सरकला आनि नाकावर येऊन बसला, तरी त्यो काढंना, अपमान व्हईल म्हनून. माझ्या घरी जेवले. भाकरी खाल्ली, ठेच्यानं डोळ्यांत पानी आलं, तरी हसत व्हते. मला तवाबी संशय. म्हनलं, अण्णा, ह्यांचं एवढं ग्वाड बोलनं कशापायी? ह्यांच्या देशातलं काम आपल्याकडं येऊ नये म्हनून तर न्हाई ना हे सारं?

अण्णा चिडले न्हाईत. म्हनाले, "आसंल की. संशय घे तू. घेतलाच पाहिजे. फक्त सायबाचा पन तेवढाच घेत जा."

ह्ये वाक्य मी जपून ठेवलंय, मंडळी. आज त्याच्यावरच उभी हाय.

आता खंडेनवमीचं. अण्णा बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घेतल्याल्या घरातले. पूजेला कवा हात जोडायचे न्हाईत, आनि आमी कवा जोडा म्हनलं न्हाई. पन खंडेनवमीला सगळ्यांच्या आधी यायचे. रॉकेलचा बोळा घेऊन एकेक हत्यार पुसायचे. पूजा तुमी करा, साफ मी करतो, असा त्यांचा कायदा. आमी मग हळद-कुंकू लावून झेंडू ठेवायचो. पुजलं की त्या दिवशी कुनी हत्यार उचलायचं न्हाई. दसरा झाला की ज्याचं त्यानं उचलायचं. दुसऱ्याच्या हत्याराला आधी हात लावायचा न्हाई. आपल्यात हे चालत आल्यालं.

गेल्या खंडेनवमीला सगळं आवरलं, आनि अण्णा बोळा घेऊन शेडात गेल्याले दिसले. मी मागनं गेले. म्हनलं, आता काय करतासा? ते कोरियाचे पॅटर्न पुसत बसल्याले. वर न बघता म्हनाले, "आज सगळ्यांची हत्यारं साफ झाली. ह्यांचा धनी तुरुंगात हाय. ह्यांचं कोन करनार?"

 मी माघारी गेले. ताट आनलं आनि त्या मुठींना हळद-कुंकू लावलं. मग बाकीच्या बाया आल्या. प्रत्येक पॅटर्नवर झेंडू ठेवला. त्या कोरियाच्या मानसानं झेंडू बघितला असंल का न्हाई, देव जाने.

दसरा झाला. कामाला आलो. सायेब उभे व्हते, सुपरवायझर म्हनाला, ते पॅटर्न काढा, ओतनी करायची हाय. कुनाला सांगितलं? शंकरभाऊंना. मिटिंगमधनं निघून गेल्याले हेच शंकरभाऊ. ते गेले शेडात. दार उघडलं. आनि तसेच माघारी आले. काय म्हनाले ते मी कानानं ऐकलंय. म्हनाले, "सायेब, ही पुजल्याली हत्यारं हायती. ज्याची त्यानं उचलायची असत्यात. ह्यांच्या धन्यानं अजून उचलली न्हाईत."

 सायेब दर साली हापिसात सत्यनारायन घालनारा मानूस! चिडून काय करतो? गेला केबिनमदी. त्या दिवसापास्नं आजपातुर त्या पॅटर्नला एकाबी मोल्डरनं हात लावल्याला न्हाई. पत्रकं वाटून जे झालं न्हाई ते झेंडूच्या फुलानं झालं. अण्णा हसायचे. म्हनायचे, जन्मभर पूजेपासनं लांब राहिलो, आनि माझं आंदोलन पूजेवर चालल्यालं बघा. हसता हसता खोकायचे.

खोकला. त्याचंबी बोलती. कंपनीचा डॉक्टर म्हनायचा टीबी हाय. टीबीच्या गोळ्या खाऊन खाऊन, वहिनी, त्यांचं जेवान सुटलं. थुंकीत कवा टीबी निघाला का? न्हाई. मग टीबी कुठनं आला? टीबी म्हनलं की रोग घरातला व्हतो, कारखान्याचा राहात न्हाई. मला डॉक्टरकी कळत न्हाई, पन एवढं कळतंय. मिरजेच्या दवाखान्यात शेवटाला मी भेटाय गेले, तवा बोलायला दम पुरत नव्हता. मला म्हनाले, त्यो सुटला का? मी म्हनलं, कोन? म्हनाले, "कोरियाचा." मी म्हनलं, अजून न्हाई. त्यांनी डोळे मिटले. आपलं सोडून त्या मानसाचं विचारत व्हते. तिकडं ते धुळीसाठी तुरुंगात गेले, इकडं आमचा मानूस त्याच धुळीनं गेला. आनि मी म्हनत व्हते, ते कोन आनि आपन कोन!

 पानी द्या.

हां. आता बाजूला ठेवल्यालं परत घेती.

आज सकाळी गाडीत बसायच्या आधी मी कोर शॉपमदी गेले. माझा डबा राहिल्याला. जाता जाता कोर भाजायच्या ओव्हनला हात लागला. ओव्हन गरम. अहो, सुट्टीच्या दिवशी ओव्हन गरम? आमी बायांनी तर काल काय भाजलं न्हाई. मग कुनी भाजलं? म्हनलं, असंल काय तरी. गाडीत बसले. मग आठवलं, काल संध्याकाळी कोकचा, भट्टीच्या कोळशाचा, ट्रक खाली झाला. कोक कवा येतो? ओतनीच्या आदल्या दिवशी. आज ओतनी हाय का आपली? आपन तर सगळे हितं बसलोय.

आपन सगळे. बघा बरं इकडं तिकडं. ठेकेदाराची मानसं कुठं हायती? अण्णांनी त्यांना आजारपनाची रजा मिळवून दिली, त्यातला एकबी दिसत न्हाई. भट्टीवाला कुठं हाय? मी मघाशी ड्रायव्हरला विचारलं, गाडी कवा परत जानार? म्हनाला, पाचच्या आत कुनाला परत आनायचं न्हाई, असा हुकूम हाय.

सायेब, तुमी तिसऱ्या रांगेत बसलायसा, सारखं घड्याळ बघतासा. मी तुमाला काय विचारत न्हाई. तुमी काय सांगाल ते मला म्हाईत हाय.

मंडळी, माझा संशय खोटा असंल. आजपातुर लय येळा खोटा निघालाय, त्या भाजीवालीला विचारा. खोटा निघाला तर मी सगळ्यांसमोर कानाला हात लावीन. पन खरा असंल तर आत्ता, आपन हितं हाराखाली बसलोय तवा, अण्णांनी पुसल्याले पॅटर्न कुनीतरी वाळूत दाबतंय. त्या मुठीत दुसऱ्याची बोटं गेल्यात.

अध्यक्षसायेब आता म्हनतील, दोन मिनिटं शांत उभं राहा. राहू की. त्यांच्यासाठी न्हाई तर कुनासाठी राहायचं? पन हितं नको. मौन पाळायचं तर त्या शेडाच्या दारात पाळू. सगळ्यांनी दाराला पाठ लावून उभं राहायचं, आनि एक शब्द बोलायचा न्हाई. दोन मिनिटांनी संपवायचं का न्हाई, ते तितं बघू. कंपनीची गाडी पाचला जाऊ दे. मिरजेची एसटी दारातनं जाती.

अण्णा, तुमाला हात जोडलेले आवडायचे न्हाईत, म्हनून जोडत न्हाई. जयभीम.

शंकरभाऊ, त्यो चंदनाचा हार काढून ठेवा हितंच. फोटो घ्या. वहिनी, तुमी पुढं व्हा, आमी मागनं हायच.