फाटकापाशी थांबलेली माऊली

आई आली हो अंगणी,
पाट मांडा, पाट मांडा…

पेटी जरा थांबू द्या. मंडळी, एक सांगा. पाहुणा दाराशी आला आणि आत न येता फाटकाशीच थांबला. तर कमीपणा कुणाला? पाहुण्याला, की घराला? पुढे बसलेल्या बाया म्हणताहेत, घराला. बरं! उत्तर पदराला बांधून ठेवा, शेवटी सोडून बघू.

ऐका तर. आपल्या वसईकडची करंजआळी. जपमाळेच्या महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात, मरियामातेची मूर्ती तिथं घरोघर फिरते. रीत अशी, की ज्याच्या घरी मूर्ती त्यानं दुपारी ती पुढच्या घरी पोचवायची. संध्याकाळी आळी तिथं जमते, जपमाळ होते, लदीन गायली जाते (एकानं माऊलीचं एकेक नाव गायचं, बाकीच्यांनी ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायचं), आणि मग उकडलेले चणे! (हसू नका. लदीनीला उशिरा येणारा चण्यांना कधी उशिरा आलाय?)

आळीतला लदीन गाणारा म्हणजे बस्त्यावकाका. त्यांच्या पुढचं घर सावियोचं. सावियो लहानपणापासून काकांच्या शेजारी उभा राहून गायचा. मोठा झाला, आणि ग्लॅडविन नावाचा माणूस त्याच्या घरी राहायला आला. भाडेकरू नव्हे. दोघांचं एकमेकांवर प्रेम, दोघांचा संसार एक. समलिंगी हा शब्द आळीत कुणी उच्चारला नाही. नुसतं ठरलं, की मूर्ती ते घर सोडून पुढं ब्रिजितमावशीकडे जाईल. फादरना कुणी विचारलं नाही. माऊलीला तर नाहीच! सावियोनं गाणं सोडलं.

आता गंमत बघा. बस्त्यावकाकांचं घर आणि मावशीचं घर, मध्ये सावियोचं एकच घर, वाट एवढीशी. पण काका मूर्ती घेऊन दुपारी निघायचे आणि मावशीकडे उगवायचे दिवस कलल्यावर. मावशी म्हणायची, ‘बस्त्याव माडीच्या झाडाखाली बसला असणार. निदान माऊलीला तरी उन्हात ठेवू नको रे!’ काका नुसते हसायचे. आणि मूर्तीच्या पायाशी दर वर्षी ताजा सोनचाफा. काकांच्या वाडीत चाफा नाही, मावशीच्याही नाही. कुणी विचारलं? नाही. वास छान होता ना!

या वर्षी पावसाळ्यात काका गेले.

मूर्ती पुढं न्यायचं काम त्यांच्या मुलीवर, इल्डावर आलं. बापाच्या चपला अजून ओट्यावर होत्या. तिनं त्या उचलल्या नव्हत्या. मूर्ती छातीशी धरून ती निघाली, तेव्हा मनात एकच विचार होता. एवढ्याशा वाटेला बाबांना इतका वेळ का लागायचा?

सावियोच्या फाटकापाशी आली आणि थबकली. फाटकाबाहेर एक दगडी कट्टा. इतकी वर्षं बघितलेला, कधी न बघितलेला! बसायला अरुंद, कुंडीला उंच. आज तो धुतलेला होता. वर सोनचाफ्याची फुलं गोल मांडलेली, आणि मधोमध जागा रिकामी. जागा केवढी? इल्डानं हातातल्या मूर्तीची बैठक बघितली. तेवढीच.

ग्लॅडविन पुढं आला. म्हणाला, काका मूर्ती इथं ठेवायचे. मग तिघं उभ्यानं अख्खी जपमाळ म्हणायचे. सावियो लदीन गायचा, हळू आवाजात, रस्त्यावर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

इल्डानं विचारलं, ‘आणि आत?’

सावियो फाटकाची कडी चाचपत राहिला. ‘काका म्हणायचे, पुढच्या वर्षी. दर वर्षी म्हणायचे. रागावू नको त्यांच्यावर, इल्डाबाय. दुसरं कुणी फाटकापर्यंतही आलं नाही.’

मंडळी, माणूस जातो. घर, वाडी, भांडीकुंडी पोरांकडे जातात. पण त्याचं ‘पुढच्या वर्षी’ कुणाकडे जातं?

इल्डानं मूर्ती कट्ट्यावर ठेवलीच नाही. म्हणाली, ‘फाटक उघड.’

सावियो घाबरला. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. ‘आळी उद्या तुझ्या घरची मूर्तीही बंद करील.’

‘मग मी इथं येईन जपमाळेला. आत पाट आहे ना?’

पाट होता. कोरा, धुऊन पुसून भिंतीला उभा केलेला. दर वर्षी काढायचे आणि दर वर्षी आत ठेवायचे.

संध्याकाळी ब्रिजितमावशीच्या सजवलेल्या घरी आळी जमली आणि माऊली नाही! मावशी तणतणत निघाली, मागून आळी. सावियोच्या फाटकाशी आली, तोंड उघडलं, तोच आतून लदीन ऐकू आली. आता मोकळ्या गळ्यानं. चाल बस्त्यावकाकांची, तोच मध्ये घेतलेला श्वास. मावशीनं भांडण आणलं होतं, पण ओळ संपल्यावर तोंडातून काय निघालं? ‘आम्हांसाठी विनंती कर.’ सवयच ती, मंडळी! साठ वर्षांची जीभ थांबते होय? सावियोची पुढची ओळ, फाटकावरून मावशीचं उत्तर.

ग्लॅडविन बाहेर आला. म्हणाला, ‘मावशी, आत या. चणे उकडलेत.’

मावशीनं कट्ट्यावरच्या चाफ्याकडे बघितलं. एक फूल उचलून हुंगलं. मग म्हणाली, ‘माझे गुडघे दुखतात. खुर्ची आहे का?’

आणि चप्पल काढली. मागचे काही परत फिरले, तेही सांगतो. काही आत आले. इल्डा दारात उभी होती. बाप गेल्यापासून ती रडली नव्हती. तिथं रडली.

आता पदराची गाठ सोडा. फाटकाशी थांबवलं, तर कमीपणा कुणाला? पाहुण्याला नाही. माऊलीच्या लेकराला जन्मताना प्रवाशांच्या उतारशाळेत जागा नव्हती, तिला फाटकं नवी नाहीत. घरालाही नाही, तिथं पाट तयार होता. कमीपणा वाटेत उभा राहून ‘इथवरच’ म्हणणाऱ्याला!

उद्या इथली मूर्ती उठेल आणि तुमच्या हातात येईल. कुठल्या फाटकापाशी आपले पाय भरभर पडतात, ते तुम्हाला ठाऊक आहे, मला सांगू नका. तिथं जरा हळू चाला. फुलांचा वास येतो का बघा. आणि कडी वाजवा.

आई आली हो अंगणी,
पाट मांडा, पाट मांडा…