उशाकडची घरघर

बायांनो, घोरणाऱ्या नवऱ्याला नावं ठेवू नका. आमच्या ह्यांचं ऐका.

पिंपळवंडीला आमचं घर उसाला लागूनच. हे असे घोरायचे की पत्रा हादरायचा, आणि मधेच श्वास अडकायचा. मग दिवसभर पेंग. एकदा तर चालत्या ट्रॅक्टरवर डोळा लागला, थोडक्यात वाचले. तवा डॉक्टरांनी रात्री नाकावर लावायचं मशीन दिलं. घर एकदम चिडीचूप झालं.

थोड्या दिवसांनी रात्री जाग आली, तर पुन्हा तीच घरघर. मला वाटलं, मास्क निसटला असंल. डोळे न उघडताच सवयीनं म्हणलं, "अहो, कुशीवर व्हा."

घरघर थांबली. मी पांघरूण ओढलं.

जरा वेळानं परत सुरू! वैतागून ह्यांना हलवायला हात लांब केला, तर हाताला मास्क लागला. नाकावर नीट बसलेला व्हता. मशीन चालू, हे गाढ झोपेत, आवाज अजिबात न्हाई.

घरघर माझ्या उशाकडनं येत व्हती. उशाला गजांची खिडकी, उकाड्यामुळं उघडी. भाईर ऊस.

तोंडावर हात दाबून तशीच पडून राहिले. उजाडल्यावर ह्यांनी खिडकीखाली बघितलं. बिबट्याच्या पंजांचे ठसे, आणि तो बसला व्हता तिथली माती दबलेली.

हे म्हणाले, "मशीन बंदच करतो. माझ्या घोरण्याला भिऊन लांब तरी राहायचा."

मी म्हणलं, "लांब कशावरनं? तुमच्या घोरण्यात त्याचं घोरणं कधी ऐकूच आलं न्हाई."