कुरणाचं वाक्य

बुरुल : थांबा मामा, परत तेच! ‘कुरण आपलंच राहील’ म्हणताना छताकडे काय बघता?

शायलोबेक : हट्! विचार करताना माणूस वरच बघतो.

बुरुल : विचार कसला, भाषण तर पाठ केलंय. रस्त्याचं बोललात, शाळेचं बोललात, तेव्हा सरळ माझ्याकडे बघत होतात. कुरण आलं की आवाजसुद्धा चढतो.

शायलोबेक : बरं बाई, शिकलेली तू. बिश्केकला राहून नाटकही शिकतेस नि राजकारणही. उद्याच्या सभेपुरतं मला तयार कर, मग बघ तुझ्या आईला कसं पटवतो.

बुरुल : नक्की ना? ती म्हणते, या सुट्टीनंतर नाटक बंद, राजकारण तेवढं शीक. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही ती.

शायलोबेक : शब्द दिला! मतदानाच्या दिवशी जन्मलो म्हणून बापानं नावातच ‘शायलो’, म्हणजे निवडणूक, घातली माझ्या. तरी दोनदा आपटलो. या वेळी निवडून आण, मग रंगमंचावर हवं तेवढं रड.

बुरुल : मग ऐका. वाक्य पोकळ वाटलं, तर त्याच्यामागे आपलं खरं काहीतरी शोधायचं, असं आम्हाला शिकवतात. लहानपणीचं कुरण आठवा.

शायलोबेक : काय आठवायचं? धार काढताना घोडीनं लाथ मारून तुझ्या आईला दुधाच्या बादलीत पाडलं. हसलो मी, आणि आजीनं बदडलंही मलाच. तंबूभर धूर... अजून नाकात वास आहे बघ. कुरण आपलंच राहील.

बुरुल : अगंबाई! काटा आला अंगावर.

शायलोबेक : आला ना? जमलं!

बुरुल : जमलं. राहणार आहे ना पण ते आपलं?

शायलोबेक : तत्त्वतः.

बुरुल : तत्त्वतः म्हणजे काय, मामा?

शायलोबेक : खाणवाल्यांना गेलंय ते. वसंतातच सह्या झाल्या, साक्षीला मी होतो. आत्ता कशाला बोंबलायचं? मतदान होऊ दे.

बुरुल : आणि मी मूर्खासारखी तुम्हाला ते खरं वाटेल असं बोलायला शिकवत बसले!

शायलोबेक : छान शिकवलंस की.

(टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो.)

बुरुल : उद्या सभेत उठून विचारणार मी.

शायलोबेक : डोकं फिरलंय का? भाची मामाला चारचौघांत विचारणार? मग तुझ्या आईला काय सांगू मी?

बुरुल : काही सांगू नका. बंद करू दे तिला नाटक.

शायलोबेक : एवढं आवडतं ना गं तुला ते?

बुरुल : फार. रडू येतंय मला, आणि हा अभिनय नाही.

शायलोबेक : मग नको ना विचारूस, राणी.

बुरुल : चहा गार झाला तुमचा. आणा इकडे, दुसरा ओतते. विचारणार आहे मी.