घोरणं बंद झालं म्हणून

परवा दुपारी आमच्या धावडा गावात माझ्या नावानं रडारड झाली, अन् मी धडधाकट जिवंत! झोपेत घसा दबून माझा श्वास अडकतो म्हणून डॉक्टरनं हवेची मशीन दिली. तिचा मास्क नाकावर लावून खाटेवर पडल्तो. शेजारच्या शांताकाकूनं डोकावून पाह्यलं अन् बोंबलत सुटली. जाग आली, तर भोवती अर्धी गल्ली रडून राह्यली.

“काकू, झोपल्तो मी!”

“मंग घोरत का न्हाई? रोज गल्लीभर ऐकू येतं!”

“घोरायचो तवाच श्वास बंद पडायचा. आता कुठं बराबर घेऊन राह्यलो!”

तिला बिलकुल पटलं न्हाई. तवापासून माझी झोप उडाली. दारात चप्पल वाजली, की जागाच पडून मुद्दाम घोरतो.