टेबलाचा ट्रे

नाही, चहा नको टाकूस सोजर, मी बसायला नाही आले — म्हणजे बसलेय खरी, पण उठणार आहे लगेच. दापोडीचा थांबा चुकला माझा, पुढं जाऊन परत चालत आले, नाहीतर केव्हाच येऊन गेले असते. गर्दी होती, बाहेरचं काही दिसलं नाही. अशी बघू नकोस गं. कारखान्यात वीस दिवस कोणी माझ्याकडं सरळ बघितलेलं नाही, आणि आज कोणी बघतंय तर ते असं! बरं, ते जाऊ दे. उद्या अकराला तुझी चौकशी आहे, अण्णासाहेबांच्या खोलीत, तेवढ्यासाठीच आलेय. मी बोललेय त्यांच्याशी. मॅनेजर झाले म्हणून काय झालं, माणूस वाईट नाही. त्यांना वर काहीतरी कळवायचंय — इंजेक्शनच्या कुपीत काचेचा कण निघाला, नगरकडच्या दवाखान्यातल्या नर्सनं वेळेवर बघितला, खोकं आमचं, तारीख आमची, मग तो कण तपासणीच्या टेबलावरच्या कोणाच्या नजरेतून सुटला? तू म्हणायचं, साहेब, माझ्या हातून चुकून राहिलं, पुन्हा होणार नाही. बास. ताकिदीचा एक कागद देतील आणि मंगळवारी तू आपल्या जागेवर. कामावरून काढणार नाही, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय. दोन वाक्यं आहेत सोजर, दोन.

मान हलवू नकोस, आधी ऐक. मी माझ्यासाठी नाही सांगत — टेबलासाठी सांगतेय. तुला ठाऊक नाही ते टेबल माझ्या ताब्यात आलं तेव्हा काय होतं. तू त्याच्यानंतर वर्षानं आलीस, दुष्काळ सरल्यावर. नऊ बायका, नऊ ट्रे, प्रत्येक ट्रेवर जिचा तिचा नंबर, आणि एकीचा एकीवर भरवसा नाही. दिव्यापुढं कुपी धरली, उलटी केली, कण तरंगताना दिसला, तर ती टाकून द्यायची का नाही? द्यायची. पण आपल्या नंबरावर टाकाऊ माल जास्त दिसतो म्हणून बायका ती हळूच शेजारणीच्या ट्रेत सरकवायच्या! कस्तुराबाई आणि प्रभावती तर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. मी काय केलं? पहिल्याच आठवड्यात सगळे नंबर काढून टाकले. म्हटलं, ट्रे टेबलाचा, बाईचा नाही. चांगलं झालं तर टेबलाचं, चुकलं तर टेबलाचं. साहेब हसले मला. सहा महिन्यांत अख्ख्या खात्यात आमच्यासारखं टेबल नव्हतं — कोणाला दिवस गेलेत, कोणाचं पोर तापलंय, कोणाचं डोकं दुखतंय, न सांगता दुसरी हात लावायची. हे कोणी केलं? मी केलं. आणि तू आलीस तेव्हा डबा घेऊन नळापाशी एकटी बसली होतीस, आठवतं? हाताला धरून टेबलावर कोणी आणलं तुला? तुझ्या डब्यातली चटणी पहिल्यांदा कोणी खाल्ली? मी खाल्ली, सगळ्यांच्या देखत. त्याच्यानंतर कोणाची काय टाप होती वेगळं बसायची.

उपकार नाही काढत गं. कसले उपकार. मी आपली… मी एवढंच म्हणतेय की ते टेबल मोडलंय. तुला चौकशीपर्यंत घरी बसवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर कस्तुराबाईंनी पुठ्ठ्याचे नंबर कापून आणलेले. जुने नंबर. एकेकीनं आपापल्या ट्रेवर लावले, आणि एक माझ्यापुढंही ठेवला. तेव्हापासून असंच. संप नाही, आरडाओरडा नाही, काम चोख. पण कोणी कोणाच्या ट्रेला बोट लावत नाही. डबे वेगवेगळे. मी काही विचारलं तर ‘व्हय’ नाहीतर ‘न्हाई’. मी भांडले, समजावलं, परवा तर रडलेसुद्धा — प्रभावतीनं दिवा पुसायला घेतला. घरी मला कोण आहे सोजर? चिंचवडगावातली ती एक खोली. माणसं म्हणून होत्या त्या ह्या नऊ जणी होत्या. आठ तासांत एक शब्द नाही — वेड लागेल मला. आणि माझ्यापुढचा ट्रे… माझ्याच्यानं तो संपत नाही. एकेक कुपी धरून बसते. दिव्याच्या उजेडाभोवती नुसतं कडं दिसतं, इंद्रधनुष्यासारखं, आणि मधे धुकं.

हो, तुला माहीत होतं. मला माहीत होतं तुला माहीत आहे ते. दोन वर्षं. माझा ट्रे संपला की तू बोलता बोलता आपल्याकडं ओढायचीस, पुन्हा दिव्यापुढं धरायचीस, मी पाणी प्यायला उठायचे म्हणजे तुला अवघड वाटू नये. कधी बोलली नाहीस, कोणाला कळू दिलं नाहीस — म्हणजे टेबलावर सगळ्यांना कळलेलंच होतं म्हणा. आणि त्या दिवशीही तू हात पुढं केलास. अण्णासाहेब माझ्या पाठीशी उभे होते. नेमके तेव्हाच उभे होते, आणि कोणाला तरी सांगत होते, बघा, आमच्या इंदुताईंची नजर, पंधरा वर्षांत चूक नाही. आणि तू ट्रे ओढायला लागलीस. मी तुझ्या हातावर चापट मारली. ‘माझ्या ट्रेला हात लावायचा नाही’, म्हटलं. सगळ्यांनी बघितलं. तू हात मागं घेतलास, आणि तो ट्रे तसाच खोक्यात गेला.

झालं. बोलले मी. माझाच ट्रे होता. आता तुला काय वाटतंय, मला हे म्हणायचं नव्हतं साहेबांपुढं? माझ्याकडं सगळ्यात सोपं उत्तर होतं — ट्रे टेबलाचा आहे साहेब, बाईचा नाही. सात वर्षं तेच तर म्हणत आले. त्यांनी विचारलं, इंदुताई, कोणाचा ट्रे? आणि तोंडातून तुझं नाव गेलं. विचार करायलासुद्धा थांबले नाही गं मी. तुझंच का? तू विचारणार होतीस, मला वाटलंच. शेजारी बसायचीस म्हणून… नाही. शेजारी प्रभावतीही बसते. पण प्रभावतीचा दीर युनियनमध्ये आहे, कस्तुराबाईंचं सगळं गाव कारखान्यात आहे. तुझा नवरा गेलेला, माहेर तिकडं उस्मानाबादला, आणि… आणि तुझ्यामागं कोण उभं राहणार, असं वाटलं. आमच्यातल्या बायका तुझ्यासाठी कशाला उभ्या राहतील, असं. नको वदवून घेऊस. चटणी खाल्ली मी तुझी, सगळ्यांच्या देखत खाल्ली, आणि आत हे असं होतं, मला तरी कुठं ठाऊक होतं? मला वाटलं एक दिवस कुजबुजतील, मग आपलं काम करतील. तर त्या आठच्या आठ उभ्या राहिल्या. एकीनं मान फिरवली नाही. मी शिकवलं तेच करतायत, आणि मला बाहेर ठेवून करतायत.

हा कसला कागद? त्या आठ जणींनी साहेबांना लिहिलेला? कस्तुराबाई येऊन गेल्या? कधी, काल? वाच म्हणतेस… मला नाही वाचता येत आता, एवढं बारीक. तूच वाच.

…‘ट्रे सोजरबाईंचा नव्हता. कोणाचा होता ते आम्हा सर्वांस ठाऊक आहे. पण ते आम्ही सांगणार नाही. जिचं तिनं सांगावं.’

पुन्हा वाच. नाही, नको. कळलं.

सांगणार नाहीत म्हणजे? साहेबांनी दम दिला तरी नाही? कामावरून काढलं तरी? …अजूनही झाकतायत मला. ओरडल्या असत्या, माझं नाव घेतलं असतं, तर मी भांडले असते गं, मला भांडता येतं. ह्याला काय करू मी?

बुद्धाच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावलीयस ना, वास येतोय. दार जरा उघड.

कागद आहे कोरा? पोरीच्या वहीतला चालेल. मी सांगते, तू लिही, मला ओळ सापडायची नाही. लिही — ट्रे माझा होता. लिहिलंस? मला दोन वर्षं नीट दिसत नाही आणि मी ते लपवलं. काच मला दिसली नाही. सोजरबाई बघणार होत्या, मी त्यांना बघू दिलं नाही. पुढं… हो, मला काढतील. काढू देत. तू का थांबलीस? लिही.

तुझंच नाव का घेतलं ते? ते नको लिहूस. लपवायचं म्हणून नाही. ते तुझ्या हातानं कशाला लिहायचं? ते मी उद्या तोंडानं सांगेन, अण्णासाहेबांपुढं, त्या आठ जणी उभ्या असतील त्यांच्या देखत. सांगता आलं तर. नाही, सांगेन.

सही कुठं करू? बोट ठेव इथं. …झाली? दे तो कागद. आणि आता मला सोडायला येऊ नकोस, सोजर. आज नको. आत जा तू.