पाचवीचं छप्पर

थांब रे जितेश, एवढी दोरी कशाला? — नाय, घे, घे, दोरीला कुठं नाय म्हणतोय मी, अख्खं भेंडोळं ने, आज दुकानातलं कोणाला मोजून द्यायचं नाय असं सकाळीच ठरवलंय — पण आधी ती बाइक बंद कर आणि दोन मिनिटं बाकावर बस. भर दुपारी कोलाड नाक्यावर एक माणूस नाय, बघितलंस? वडापाववाल्यानं शटर ओढलं, समोरच्यानं खुर्च्या आत घेतल्या, उघडा मी एकटा. कोणाला शेवटच्या घटकेला हुक आठवतात, कोणाला तार, ताडपत्री — म्हणून बसलोय. आणि वारा बघ. नायच ना? पान हलत नाय. मला असला पडलेला वारा आवडत नाय, सरळ सांगतो. तो मोबाइल तेवढा सारखा कोकलतोय — वादळ सहा वाजेपर्यंत लागणार, पक्क्या घरात थांबा. पक्क्या घरात! जसं काय घर पक्कं की कच्चं ते घरातल्याला नुसतं बघून कळतं.

तर मी काय म्हणतो, तू असं कर. आईला, दिशाला आणि साईराजला माझ्याकडं आणून सोड. दुकानाच्या मागंच घर, डोक्यावर स्लॅब हाय, काकूनं डाळभाताचा कुकर लावून ठेवलाय, वालाचं बिरडं हाय. पोरगं मोबाइलवर कार्टून बघत बसंल, मालूवहिनी आणि काकू माझ्या तक्रारी करत बसतील, त्यांना तेवढंच निमित्त. एक रात्र रे. सकाळी जा. — लाजतोस काय? मी का परका? ज्या दिवशी तुझ्या पोराची पाचवी होती त्या दिवशी तुझ्या छपरावर कोण होतं? मी होतो. पाठीची सालटी निघाली होती माझी.

घर मजबूत हाय? — व्हय, हाय ना. मी कुठं म्हटलं नाय म्हणून. भिंती मजबूतच हायत तुझ्या, तुझ्या बापानं चिरा निवडून आणला होता, मला माहीत हाय. पण तरी आपलं... जवळ असलेलं बरं. हट्ट करू नको. गेल्या वर्षी माझा चुलत मेव्हणा प्रवीण असाच हट्टानं घरात थांबला आणि — जाऊ दे, त्याचं कशाला. तू दोरी कशाला नेतोयस ते सांग आधी. गुरं बांधायला? नाय? मग?

काय? — परत सांग. कोण कोण आलंय म्हणालास? काळुरामची म्हातारी. मोरूचं घर सगळं. वरच्या वाडीतल्या दोघी, पोरांसकट. किती झाले? अकरा? आणि तुम्ही चार, म्हणजे पंधरा. पंधरा माणसं तुझ्या घरात. आणि ही दोरी पडवीला ताडपत्री बांधायला, अजून येतील म्हणून! अरे पण का? शाळा हाय ना — बरं, शाळा वहाळाच्या पलीकडं, म्हातारीला चालवत नाय, ते कळलं. पण तुझ्याकडंच का? कोणी बोलावलं? — मालूवहिनीनं? तुझ्या आईनं? काय म्हणाली? नाय, शब्द सांग, काय म्हणाली ती? ‘दिनानाथभावोजींनी ठोकलेला पत्रा हाय, ह्या गावात ह्याच्याहून घट्ट काय नाय.’ असं म्हणाली. घरोघर फिरून म्हणाली.

थांब, मला जरा पाणी पिऊ दे.

तिनं तेव्हापण असंच केलं रे. सभेत. मागच्या वादळानंतर बावन्न घरांची छपरं मी आणि माझ्या पोरांनी उभी केली म्हणून गावानं शाल दिली, तर ही उठली आणि माइक हातात घेऊन रडली — पहिलं छप्पर माझं केलं, माझ्या नातवाची पाचवी उघड्यावर होऊ दिली नाय. सगळे टाळ्या वाजवत होते. मी खाली मान घालून. लोकांना वाटलं, काय नम्र माणूस! तुला आठवत असंल सगळं... नाय, तुला कुठं आठवणार, तुला तेव्हा बाळ आणि बाळंतीण ह्यापलीकडं काय दिसत नव्हतं. वादळाच्या आदल्या दिवशी पोरगं झालं, दुसऱ्या दिवशी छप्पर गेलं. पत्रे पार वहाळापर्यंत भातखाचरात पडलेले, कागदासारखे. गावानं बसून ठरवलं — बाळंतीण ज्या घरात, ते घर पहिलं. बरोबरच होतं. आणि मालूवहिनीचा एकच धोसरा, पाचवीला सटवाई येणार, पोराचं नशीब लिहिणार, डोक्यावर आभाळ नको, काय पण करा. तीन दिवस! तीन दिवसात पत्रे वेचायचे, ठोकून सरळ करायचे, वासे बदलायचे. आणि लॉकडाउन. रोह्याला दुकानं बंद, पेणला बंद, पनवेलहून गाडी येईना. वासे मिळाले, पत्रे मिळाले —

हुक नव्हते.

आता असा बघू नको माझ्याकडं. ऐकून घे. वाशाला खालून धरतो तो हुक असतो, वरून वायसर, वरून नट. तो पत्र्याला उडू देत नाय. माझ्याकडं होते ते वळचणीच्या ओळीला लागले. बाकीचं... बाकीचं खिळ्यावर हाय. सगळं. नुसते खिळे, वर डांबराचं बोट. मी म्हटलं, पाचवी होऊ दे, आठ दिवसात हुक येतील, मग येऊन बदलतो. देवाशपथ, मनात तेच होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाट मांडला, दिवा लावला, वर छप्पर, बाहेर पाऊस. दिशानं पोराला माझ्या मांडीवर दिलं. तेवढंसं होतं. मला वाटलं, मी काय मोठं काम केलंय!

मग हुक आले. दहाव्या दिवशी आले. पण तेव्हा पावसात चाळीस घरं उघडी होती, रे. त्यांना लावायचे की जिथं छप्पर हाय तिथं? तूच सांग. — नाय, तू नको सांगू. कारण मग गणपतीपर्यंत तीपण झाली. मग शाल मिळाली. मग कसं सांगायचं? एकदा आलो होतो मी, ड्रिल घेऊन आलो होतो, तुझ्याच घरी. वहिनी म्हणाली, सगळं घट्ट हाय भावोजी, गळत नाय कुठं, बसा, चहा घ्या. मी बसलो. चहा घेतला. ड्रिल पिशवीतून काढलं नाय. दरसाल पावसाआधी मी तुझ्याकडं सहज म्हणून येतो ना, ते सहज नसतं. वर बघत असतो. पाच पावसाळे टिकलं, सहावा टिकंल, असं म्हणत परत जातो. साधा पाऊस पत्र्याला दाबतो, त्याला खिळा पुरतो. वादळ खालून घुसतं, जितेश. खालून उचलतं. आणि आत आता पंधरा माणसं, माझं नाव ऐकून आलेली.

आता चढून बदलता येईल? — नाय. मला वाटलं होतं तसं, म्हणून सकाळी पाच किलो हुक बाजूला काढून ठेवलेत, ते बघ त्या पिशवीत. दोन माणसांचं दीड दिवसाचं काम हाय ते. चार तासात नाय होत.

शिव्या दे. — नको, बसू नको आता, उठ. ऐक — ऐकलंस? पत्रा वाजला. माझ्याच दुकानाचा. आला वारा. ही टेम्पोची चावी, मागं उभा हाय, डिझेल भरलेला हाय. दोन फेऱ्यात सगळी येतील. म्हातारीला आधी आण, पोरांना आधी आण. काकूला सांगतो तांदूळ वाढवायला. फोन लावू नको, रेंज गेली, वेळ घालवू नको.

आणि वहिनी उठणार नाय. मी ओळखतो तिला, ती म्हणंल दिनानाथभावोजींचं छप्पर सोडून मी का जाऊ, आणि तिच्यामागं बाकीची पण बसून राहतील. सरकारची नोटीस हाय, तलाठी आलाय, असलं काय सांगू नको. तिला माझं नाव घेऊन सांग. सगळ्यांसमोर सांग — दिनानाथनं नुसते खिळे मारले.

जा. जा म्हणतो ना!